एका भूकरमापकाने तपासलेली ऑफसाइडची रेषा

माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात हद्दी मोजण्यात गेली. नागपूर जिल्ह्यातली शेतं, प्लॉट, गावठाणं, नाल्याकाठच्या पट्ट्या. आधी तेहतीस फुटी साखळी, मग ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र, शेवटी शेवटी उपग्रहावरून जागा टिपणारा रोव्हर. फुटबॉल त्याच्याही आधीचा, कारण मी कामठीत वाढलो आणि तिथल्या पोरांना फुटबॉल कोणी वेगळा शिकवत नाही. त्यामुळे टीव्हीवर एखादा गोल अडवून ठेवतात आणि खेळाडूच्या बगलेतून खाली सोडलेली रेषा दाखवतात, तेव्हा माझं लक्ष गोलापेक्षा त्या रेषेकडे जातं. पास निघतो त्या क्षणी स्ट्रायकर प्रतिस्पर्ध्यांतल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे असेल तर ते ऑफसाइड, आणि गोल रद्द. ही मोजणी कितपत खरी, एवढंच या रिव्ह्यूत तपासलं आहे.

निकाल आधीच सांगतो. चेंडूत सेन्सर असलेली सेमी-ऑटोमेटेड पद्धत (कॅमेरे खेळाडूंच्या जागा आपोआप टिपतात, निर्णय माणूस तपासतो) : पाचपैकी चार. सेन्सर नसलेली सेमी-ऑटोमेटेड : तीन. कॉम्प्युटरसमोर बसून माणसाने रेषा ओढायची जुनी पद्धत : दोन, आणि तेही मोठ्या ऑफसाइड ती नीट पकडते म्हणून.

लोक रेषेवरून भांडतात. खरी गडबड क्षणाची आहे. सहकाऱ्याचा पाय चेंडूला पहिल्यांदा लागतो, त्या क्षणी कोण कुठे होता हे मोजायचं असतं. जुन्या पद्धतीत हा क्षण प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्यातून निवडतात. असा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये ०.०२ सेकंदाचं अंतर. जोरात पळणारा स्ट्रायकर सेकंदाला ९ मीटर जातो असं धरा, ताशी साधारण ३२ किलोमीटर. तेवढ्या वेळात तो १८ सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो. त्याला ऑफसाइडमध्ये पकडायचा सापळा लावायला बचावपटू त्याच वेळी सेकंदाला ५ मीटरने उलट बाजूला निघाला असेल, तर दोघांमधलं अंतर २८ सेंटीमीटरने बदलतं. जवळजवळ फूटभर! आणि पाय चेंडूला लागल्याचा खरा क्षण बहुतेक वेळा या दोन चित्रांच्या मधे कुठेतरी असतो, त्याचं चित्रच नसतं.

आमच्या कामात ही अडचण रोजची. १:१००० प्रमाणाच्या नकाशावर ०.२ मिलिमीटर जाडीची पेन्सिलची रेघ जमिनीवर २० सेंटीमीटर रुंद होते. अशा नकाशावर बोट ठेवून कोणी म्हणाला की शेजाऱ्याने बांध चार बोटं सरकवला, तर मी त्याला सांगायचो, भाऊ, या नकाशाला चार बोटं दिसतच नाहीत. नकाशा खोटा नसायचा. त्याची नजर तेवढी बारीक नसायची, आणि हे समोरच्याला सांगणं हा मोजणीचाच भाग होता.

म्हणून २१ एप्रिल २०२४ चा इंग्लंडच्या एफए कपचा सेमीफायनल मला अजून खटकतो. वेम्बलीवर कॉव्हेंट्री ०-३ ने मागे होतं. तिथून त्यांनी ३-३ केलं, आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी व्हिक्टर टॉर्पने गोल मारला. दुसऱ्या डिव्हिजनचा संघ मँचेस्टर युनायटेडला हरवून फायनलला निघाला होता. व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी, कॉव्हेंट्रीच्या हाजी राइटचा पाय पुढे असल्याचं सांगून गोल रद्द केला आणि युनायटेड पेनल्टीवर जिंकलं. माझा पुतण्या युनायटेडचा भक्त, तरी तोसुद्धा म्हणाला, "काका, अंगठ्यासाठी गोल कापून राहिले हे." मी त्याला म्हटलं, "अंगठ्याचं जाऊ दे रे. तो कोणत्या क्षणाचा अंगठा आहे ते विचार." राइट ऑफसाइड नव्हता असं मी म्हणत नाही. त्या जुन्या पद्धतीने तेवढा बारीक फरक ठामपणे सांगता येत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता नवी पद्धत. कतारच्या २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये स्टेडियमच्या छताखाली १२ कॅमेरे फक्त या कामासाठी लावले होते. प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू ते सेकंदाला ५० वेळा टिपायचे. पण मला सगळ्यात आवडला तो चेंडू. त्याच्या पोटात सेन्सर होता आणि तो सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवायचा. क्षण ०.०२ सेकंदावरून ०.००२ वर आला. वरच्याच हिशेबात २८ सेंटीमीटरचे २.८ झाले. इतकी वर्षं सगळे रेषा बारीक करण्याच्या मागे होते, इथे पहिल्यांदा कोणीतरी क्षण बारीक केला. यंत्र बनवणाऱ्यांना दुखणं नेमकं कळलं होतं, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

उद्घाटनाच्या सामन्यातच त्याची परीक्षा झाली. तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या एनर व्हॅलेन्सियाने गोल केला आणि तो रद्द झाला. रात्री साडेनऊनंतरची वेळ, आमच्या हॉलमध्ये अर्धी गल्ली जमलेली, आणि कोणालाच काही कळेना, कारण एक बचावपटू तर मागे दिसत होता. कतारचा गोलकीपर पुढे आला होता ही गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. नियमात शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी धरतात, मग त्यातला एक गोलकीपर असो वा नसो. मायकेल एस्ट्राडाचा पाय त्याच्या पुढे होता. निर्णय अचूक होता, आणि उघड्या डोळ्यांनी तो देणं फार कठीण होतं. अशा वेळी या सेवेचे पैसे वसूल होतात.

पण चार गुणांवर मी थांबलो, त्याचं कारण डॉर्टमुंड. २९ जून २०२४, युरो स्पर्धा, जर्मनी विरुद्ध डेन्मार्क. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. विजा आणि पावसामुळे सामना मधेच थांबला होता. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला योआखिम अँडरसनचा गोल रद्द झाला, कारण थॉमस डिलेनीच्या बुटाचं टोक पुढे होतं. काही मिनिटांतच त्याच अँडरसनच्या हाताला चेंडू लागल्याचं सेन्सरच्या आलेखावर दिसलं आणि जर्मनीला पेनल्टी मिळाली. सामना २-० सुटला. डेन्मार्कचे प्रशिक्षक कॅस्पर ह्युलमंड नंतर एका सेंटीमीटरवर बोलत होते. मला त्यांचं पटतं. सेन्सरने क्षण पक्का केला, पण बुटाचं टोक अजूनही कॅमेऱ्याच्या चित्रांवरूनच काढलेलं असतं, आणि तेही दोन चित्रांमधला हिशेब जुळवून. क्षणातले दोन-तीन सेंटीमीटर आणि शरीराच्या बिंदूतले आणखी काही. एवढी चूक शक्य असताना एका सेंटीमीटरच्या निकालावर मी सही केली नसती.

बिंदूंची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. ऑफसाइडमध्ये हात धरत नाहीत, मग खांदा कुठे संपतो? नियमाने सांगितलं, बगलेच्या खालच्या टोकाच्या पातळीपर्यंत. कागदावर हे स्पष्ट आहे. पण सैल जर्सी घालून पळणाऱ्या माणसाची बगल म्हणजे दगडी खूण नव्हे. आमच्या नागपूरच्या झिरो माईलजवळ १९०७ चा जीटीएसचा, म्हणजे ब्रिटिशकालीन सर्वेक्षणाचा, बेंचमार्क दगड आहे, तो जागचा हलत नाही, म्हणून त्याच्यावरून बारीक मोजता येतं. गर्दीत तर अवस्था आणखी बिकट. १ मार्च २०२५ ला एफए कपच्या बोर्नमथ-वुल्व्ह्ज सामन्यात नवी पद्धत हाताशी होती, तरी गोलसमोर खेळाडूंचा असा गुंता होता की यंत्राने हात टेकले, रेषा माणसांना ओढाव्या लागल्या आणि तपासणी आठ मिनिटं चालली. प्रीमियर लीगने एप्रिल २०२५ मध्ये हीच पद्धत घेतली, पण तिथल्या चेंडूत सेन्सर नाही. म्हणून तिला तीन.

वेग वाढला, हे मान्य. तपासणी सरासरी अर्ध्या मिनिटाने लवकर उरकेल असं लीगने सांगितलं होतं, आणि बघताना तसा फरक जाणवतो.

यंत्राच्या माथी मारू नये अशी एक चूकही इथेच नोंदवतो. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लुईस डियाझ ऑनसाइड होता, तपासणीतही ते दिसलं. पण मैदानावर गोल दिलेला आहे अशा समजुतीने व्हीएआरच्या खोलीतून ‘तपासणी पूर्ण’ असा निरोप गेला आणि नाकारलेला गोल नाकारलेलाच राहिला. मोजणी बरोबर, निरोप चुकीचा. कितीही सेन्सर लावले तरी असली चूक त्यांनी सुटत नाही. त्यासाठी खोलीतल्यांना आणि मैदानावरच्यांना ठरलेल्या शब्दांत बोलायची सवयच हवी.

माझी खरी तक्रार निर्णयानंतर टीव्हीवर दाखवतात त्या थ्रीडी अ‍ॅनिमेशनवर आहे. गुळगुळीत बाहुले, मधे काचेची भिंत, आणि भिंतीतून बाहेर आलेलं बुटाचं टोक. बघणाऱ्याला तो फोटो वाटतो. तो बिंदूंवरून काढलेला नकाशा आहे, आणि त्यावर प्रमाण लिहिलेलं नाही. ‘पुढे ४ सेंटीमीटर, शक्य चूक इतकी’ एवढी एक ओळ खाली दिली तर निम्मी भांडणं मिटतील. शक्य चुकीपेक्षा फरक कमी भरला तर लाइन्समनचा निर्णय कायम ठेवावा. नेदरलँड्सच्या लीगने आक्रमकाची आणि बचावपटूची अशा दोन रेषा एकमेकींना टेकल्या तर मैदानावरचा निर्णय राखायचं धोरण घेतलं होतं. प्रीमियर लीगने २०२१-२२ मध्ये रेषा जाड करून फायदा आक्रमकाला दिला. यातलं मला डच धोरण जास्त पटतं, कारण यंत्राला ठरवता येत नसेल तिथे रेषेच्या समोर उभ्या असलेल्या माणसाचं ऐकायला हवं. आर्सेनलचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर म्हणतात तसं पूर्ण शरीर पुढे असेल तरच ऑफसाइड द्यायचं ठरवलं, तर गोल वाढतील, पण वाद टाचेपाशी जाऊन बसेल. मोजायचं अंतर तेवढंच बारीक राहणार.

आणि तो रेषेवरचा माणूस खरंच मोठं काम करतो. मोतीबागच्या रेल्वे मैदानावर किंवा कामठीत रब्बानीच्या मैदानावर लाइन्समनच्या मागे उभं राहून बघा. त्याची नजर बचावाच्या रेषेवर आणि पासाचा क्षण तो कानाने पकडतो, बुटाच्या आवाजावरून. नजर एकाच वेळी दोन ठिकाणी ठेवता येत नाही, म्हणून ही युक्ती. साठ हजारांच्या स्टेडियममध्ये तो आवाज ऐकू येत नाही, तिथे चेंडूतला सेन्सर हवाच.

आपल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) २०२४-२५ च्या मोसमापर्यंत व्हीएआर नव्हतं. आणायचं झालं तर माझ्या मते पैसा या क्रमाने लागावा : आधी लाइन्समनचं प्रशिक्षण आणि मानधन, मग सेन्सरचा चेंडू, मग कॅमेरे. बाहुल्यांचं अ‍ॅनिमेशन राहिलं तरी चालेल.