बंदुकीला डब्ल्यूडी-४० की बॅलिस्टॉल?
आमच्या जावळीकडं पावसाळ्यात कपाटातलं लोखंडसुद्धा गंजतं, त्यात घरची लायसन्सची १२ बोअरची बंदूक, आजोबांपासूनची. आधी डब्ल्यूडी-४० हा गंज-पाण्यावरचा स्प्रेच मारायचो कारण साताऱ्यात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडं मिळतं, आणि पाणी हटवायला भारीच, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंटच ना, पण ते पातळ, बरंचसं उडून जातं, वंगण म्हणून टिकत नाही. बॅलिस्टॉल हे जर्मन तेल, १९०४ पासूनचं, जरा अल्कलाइन, लाकडी दस्त्याला आणि चामड्याच्या पट्ट्यालाही चालतं. महाग पडतं आणि वास असा की आई म्हणते ते बाहेर ओट्यावर ने. तरी माझं मत बॅलिस्टॉललाच, फक्त बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघायचं, नळीत ब्रश फिरवायचा आणि तेलाचा हात अगदी हलका, जास्त झालं की लॉकमध्ये, म्हणजे घोडा-चापाच्या यंत्रणेत, चिकटा साचतो. बंदूक भिजलीच तर पहिला फवारा अजून डब्ल्यूडीचाच.