सिलिकॉन पाजावं की नायट्रोजन?

भोसरी-चाकण पट्ट्यात स्वतःच्या शेडमध्ये झीज सोसणारे सिरॅमिक भाग करायचे म्हटलं, की दोन रस्ते समोर येतात. एक, कार्बन मिसळलेल्या सिलिकॉन कार्बाइडच्या कच्च्या तुकड्याला वितळलेलं सिलिकॉन पाजायचं. दुसरा, सिलिकॉन पावडरच दाबायची, तिला भट्टीत नायट्रोजन पाजायचा आणि तयार झालेलं सिलिकॉन नायट्राइड तिथेच सिंटर करायचं, म्हणजे तापवून दाणे एकजीव करायचे. कार्बाइड जास्त कठीण, नायट्राइड जास्त चिवट, हे सगळ्यांना ठाऊक असतं. निवड अडते ती दुसरीकडेच.

कार्बाइडची खरी ओढ मापाची. आकुंचन 1 टक्क्याच्याही आत, त्यामुळे डाय (साचा) जवळजवळ अंतिम मापाचीच करता येते. व्हॅक्यूममध्ये 1500-1550 अंश सेल्सिअस, थंड होण्यासकट दीड दिवसात माल हातात. सांभाळायचं ते कार्बनचं प्रमाण. कार्बनचं कार्बाइड होताना ते फुगतं आणि वाटा बुजवतं. निव्वळ कार्बनच्या सांगाड्यात घनता 0.96 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटरच्या वर गेली, तर सिलिकॉनला आत शिरायला हिशेबानेच जागा उरत नाही. कच्च्या तुकड्यात 55 टक्के जागा कार्बाइडच्या दाण्यांची असेल, तर हीच मर्यादा 0.43 वर येते. प्रत्यक्षात याच्याही बरंच खाली राहावं. (कार्बन ब्लॅक, म्हणजे कार्बनची बारीक काजळी, एकदा शेडमध्ये शिरला की दिवाळीच्या साफसफाईतही निघत नाही, ते वेगळंच.)

पण माझं मन उठलं ते मण्यांमुळे. गोठताना सिलिकॉन पाण्यासारखं फुगतं, नऊ-दहा टक्के. आतलं सिलिकॉन बाहेर ढकललं जातं आणि तुकड्यावर घाम फुटावा तसे मणी उभे राहतात. जिथून पाजलं, तिथे तर चांगला गठ्ठाच चिकटतो. सपाट तोंडावरचा मणी ब्लास्टिंगने किंवा डायमंड व्हीलने निघतो. आठ मिलिमीटरच्या बोअरमध्ये, पायरीच्या कोपऱ्यात बसलेला मणी मात्र निघताना कड घेऊनच निघतो. सिलिकॉन कमी घालावं, तर गाभा कोरडा राहतो. तुकडा फोडला की मधोमध काळा, बोटाला लागणारा कार्बन दिसतो. म्हणून हिशेबापेक्षा पाच-दहा टक्के जास्त घालायचं, आणि तेच जास्तीचं मणी होऊन बाहेर येतं. प्रत्येक तुकड्याचा दाब थोडा वेगळा, पोकळी वेगळी, त्यामुळे आजचं बरोबर प्रमाण उद्या चुकतं. सिलिकॉन चिकटू नये म्हणून बोरॉन नायट्राइडचा लेप मदत करतो, पण ब्रश पोचतो तिथेच. मापात वाचलेला पैसा अशा रीतीने ग्राइंडिंगमध्ये जातो. साध्या चकत्यांना हा त्रास फारसा नाही, हेही मान्य करायला हवं.

नायट्राइडमध्ये पहिली चूक वजनकाट्यावर होते. यिट्रिया आणि अ‍ॅल्युमिना, ही सिंटरिंगला मदत करणारी ऑक्साइडं, सिलिकॉनच्या वजनावर मोजायचे नसतात, होणाऱ्या नायट्राइडच्या वजनावर मोजायचे. 100 ग्रॅम सिलिकॉनचं 166.5 ग्रॅम नायट्राइड होतं. त्यात 6 टक्के यिट्रिया आणि 2 टक्के अ‍ॅल्युमिना हवं असेल, तर सुरुवातीला अनुक्रमे 10.9 आणि 3.6 ग्रॅम घालावे लागतात. सिलिकॉनवर 6 टक्के धरले, तर शेवटी पावणेचारच्या आतच उरतात आणि सिंटरिंगला तुकडा आकसून घट्ट होतच नाही. मिलिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये करावं. पाण्यात ताजं दळलेलं सिलिकॉन हायड्रोजन सोडतं, बंद जार फुगतो.

दाबल्यावर तुकडा आर्गॉनमध्ये 1150 अंशांच्या आसपास हलका भाजला, तर तो साध्या लेथवर टंगस्टन कार्बाइडच्या टूलने कापता येतो. भोक, पायरी, चॅम्फर सगळं तिथेच उरकायचं. मग नायट्रायडिंग: 1150 पासून 1400 पर्यंत टप्प्याटप्प्याने. ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते आणि 1414 ला सिलिकॉन वितळतं, म्हणून नायट्रोजनची ओढ मंदावल्याशिवाय पुढचा टप्पा घ्यायचा नाही. घाई केली, तर गाभ्यात सिलिकॉन वितळून गुठळ्या होतात. लोखंडाचा कणही धोक्याचा, कारण त्याच्याभोवती 1200 च्या थोडं वरच वितळ सुरू होते. 20-25 मिलिमीटरपेक्षा जाड भाग या रस्त्याने करू नये. शेवटी 1750-1800 अंशांवर, नायट्राइड पावडरच्या गादीत पुरून सिंटरिंग.

आकुंचन इथे आहेच. कच्ची घनता पूर्ण भरीव तुकड्याच्या 60 टक्के असेल, तर नायट्रायडिंगनंतर ती 73 च्या आसपास येते आणि पुढे प्रत्येक मापात साधारण दहा टक्के घट होते. पण ती सारखी होते, डायमध्ये धरता येते. आणि तपासणी काट्यावरच होते: वर दिलेल्या मिश्रणात तुकड्याचं वजन सुमारे 58 टक्क्यांनी वाढायला हवं. 50 वर अडकलं, तर तो तुकडा पुढच्या भट्टीत घालूच नये. कार्बाइडचा कोरडा गाभा इतक्या सहज ओळखता येत नाही.

वेळ हाच नायट्राइडचा मोठा तोटा. नायट्रायडिंगच चार दिवस खातं. शनिवारपर्यंत भट्टी लावली नाही, तर दुरुस्तीच्या गुरुवारची वीजबंदी मध्ये येते. तरी गंमत अशी, की नायट्रोजनचा दाब टिकवला आणि हवा आत येऊ दिली नाही, तर थांबलेली भट्टी पुन्हा चालू करून काम पुढे नेता येतं. सिलिकॉन पाजताना वीज गेली, तर अर्धवट शिरलेलं सिलिकॉन आतच गोठतं, फुगतं आणि तुकडा बहुधा तडकतो. वीज गेली तरी भट्टीला पाणी मिळावं म्हणून थंड पाण्याची टाकी उंचावर हवी, दोन्हींसाठी.

पंपाच्या सीलची सपाट तोंडं करायची असतील, तर कार्बाइडच घ्यावं. त्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद नायट्राइडला नाही. फक्त गरम कॉस्टिक सोड्याच्या पंपासाठी देऊ नका, त्यातलं मोकळं सिलिकॉन खाल्लं जातं. नट वेल्डिंगची लोकेशन पिन, ट्यूब मिलचे रोलर, पायऱ्या आणि भोकं असलेलं काहीही असेल, तर मी चार दिवस थांबायला तयार आहे.