एक्सएफएस रिपेअर: आधी नाही म्हणतं, हेच बरं

पावसाळ्यात इंदूरला लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली आणि सर्व्हरची एक्सएफएस (लिनक्सवरची एक फाइलप्रणाली) डिस्क माउंट होईना, म्हणजे वापरासाठी जोडली जाईना, की पुष्कळ जण थेट एक्सएफएस रिपेअर या दुरुस्तीच्या प्रोग्रामला ‘मायनस एल’ हा पर्याय लावून मोकळे होतात. असं करू नका. मायनस एल लॉगच, म्हणजे बदलांची नोंदवहीच, पुसून टाकतं; त्यातले डिस्कवर न उतरलेले बदल गेले ते गेले, आणि फाइली नावं हरवून लॉस्ट-प्लस-फाउंड या फोल्डरमध्ये जाऊन पडतात.

म्हणून या मोफत हत्याराचा मोठा गुण म्हणजे त्याचा नकार. लॉगमध्ये नोंदी शिल्लक दिसल्या की ते अडतं आणि आधी माउंट करून लॉग उतरवून घ्यायला सांगतं. उतरवण्याचं काम कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं), आणि तिथली राखण खरोखर चोख आहे. समजा डिरेक्टरीचा एक ब्लॉक मोकळा झाला आणि त्याच जागी हिशोबाची फाइल बसली. जुनी नोंद आंधळेपणानं उतरवली तर हिशोबावर डिरेक्टरीचा कचरा येईल. म्हणून लॉग दोन फेऱ्यांत वाचतात: पहिल्या फेरीत रद्द बफरांची, म्हणजे अशा मोकळ्या झालेल्या ब्लॉकांची, यादी होते, दुसऱ्या फेरीत ते वगळतात. शिवाय एक्सएफएसच्या पाचव्या आवृत्तीत जवळपास प्रत्येक मेटाडेटा ब्लॉकवर (फाइलींची नावं, जागा असली माहिती ठेवणाऱ्या) एलएसएन हा लॉगमधला क्रम सांगणारा क्रमांक असतो. डिस्कवरचा क्रमांक नोंदीपेक्षा पुढचा असेल तर ती नोंद उतरवतच नाहीत. ईएक्सटी-फोर या दुसऱ्या फाइलप्रणालीत मोकळ्या ब्लॉकांची ही राखण रिव्होक नोंदी करतात.

खटकतं ते एवढंच, की ‘माउंट करा’ सांगताना ‘आधी प्रत काढा’ असं ते म्हणत नाही. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून मूळ डिस्कच्या दुपटीहून मोठी डिस्क आणा, डीडीरेस्क्यू या प्रोग्रामनं मॅप फाइलसकट (कुठला भाग वाचून झाला याची नोंद) इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, काढा, आणि तिचीही एक प्रत करा. पहिल्या प्रतीवर माउंट करताना ‘आरओ, नोरिकव्हरी’ (फक्त वाचा, लॉग उतरवू नका) लावून हाती येतील त्या फाइली काढून घ्या. नुसत्या ‘आरओ’वर विसंबू नका, कारण लॉग त्यातही उतरतो आणि डिस्कवर लिहिलं जातं. मूळ डिस्क माउंट असेल तर दोन्हींचा ओळख क्रमांक एकच असल्यानं ‘नोयूयूआयडी’ही लागेल. दुसऱ्या प्रतीवर साधं माउंट, मग अनमाउंट, एक्सएफएस रिपेअरच्या ‘मायनस एन’नं काही न बदलता तपासणी, मग दुरुस्ती. माउंट होतच नसेल तरच मायनस एल.

लॉगमध्ये फक्त मेटाडेटा असतो. लाइट गेली तेव्हा उघड्या असलेल्या फाइली बॅकअपशी ताडून बघाव्याच लागतात.

पाचपैकी चार. एक गुण त्या अपुऱ्या सूचनेपायी कापला.