मेकफाइलमधलं '-एमएमडी': आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या तोंडावर वजनकाट्याच्या पावतीवर गाडी नंबरच्या जागी भलतीच अक्षरं छापून आली. ती छापणाऱ्या माझ्या प्रोग्रामचा सी++ कोड रात्रभर वाचला, चूक सापडेना. पहाटे 'मेक क्लीन' करून (आधी तयार झालेल्या फाइली पुसून) सगळं नव्याने कंपाइल केलं आणि पावती बरोबर आली! पावतीची माहिती एकत्र ठेवणाऱ्या रचनेत, म्हणजे स्ट्रक्टमध्ये, मी 4 बाइटचं एक फील्ड वाढवलं होतं, पण छपाईची ऑब्जेक्ट फाइल (कोडच्या एका फाइलीचं कंपाइल झालेलं रूप) जुनीच राहिली होती. तिच्या लेखी गाडी नंबर 12व्या बाइटपासून, बाकीच्यांच्या लेखी 16व्या. ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्राम बनवणारा लिंकर हे तपासत नाही.

1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक (बदललेलं तेवढंच पुन्हा कंपाइल करायला लावणारं साधन) लिहिलं ते याच दुखण्यावर. त्यांच्या सहकाऱ्याची अख्खी सकाळ जुन्या ऑब्जेक्ट फाइलपायी वाया गेली होती. पण मेकला आपण मेकफाइल या नियमांच्या फाइलीत सांगू तेवढंच कळतं, आणि हेडरची (अनेक फाइलींत ओढल्या जाणाऱ्या सामायिक फाइलींची) यादी मी हाताने लिहीत होतो.

आता कंपाइलरला '-एमएमडी -एमपी' देतो. प्रत्येक ऑब्जेक्टसोबत एक '.डी' फाइल पडते, तिच्यात लागलेल्या आपल्या सगळ्या हेडरची नावं असतात. मेकफाइलच्या शेवटी त्या इन्क्लूड करायच्या. '-एमपी' विसरू नका. नाहीतर एखादं हेडर काढून टाकलं की मेक तिथेच अडून बसतं. आठ महिन्यांत जुन्या ऑब्जेक्टचा त्रास एकदाही झाला नाही. फुकटात याहून मोलाचं काही मिळालेलं नाही.

आधी कंपाइल केलेलं साठवून पुन्हा वापरणाऱ्या सीकॅशबद्दल मात्र मत बदललं. सुरुवातीला वाटलं, आता नवा लॅपटॉप घ्यायला नको. ब्रँच (कोडची वेगळी आवृत्ती) बदलून परत आलं की बिल्ड 4 मिनिटांवरून काही सेकंदांवर येतो, हे खरंच. पण कामाचं हेडर बदललं की कॅशचा काही उपयोग नाही, 43 फाइली पुन्हा कंपाइल होणारच. तिथे उपयोगी पडलं फॉरवर्ड डिक्लरेशन. हेडरमध्ये क्लासचा नुसता पॉइंटर किंवा रेफरन्स (वस्तू नव्हे, फक्त तिचा निर्देश) असेल तर 'क्लास पावती;' एवढी ओळ पुरते, पूर्ण हेडर ओढायला नको. दोन रविवार त्यात घातले. आता तेच हेडर बदललं की 9 फाइली कंपाइल होतात. लॅपटॉपचे पैसे वाचले.

एक तक्रार अजून आहे. मेक फक्त फाइलींच्या वेळा बघतं. कंपाइलरचा '-ओ2' (वेग वाढवणारा पर्याय) काढून '-जी' (चुका शोधायला मदत करणारा) टाकलं तरी 'सगळं अद्ययावत आहे' म्हणतं. मी आता प्रत्येक ऑब्जेक्टच्या नियमात मेकफाइललाच अवलंबन म्हणून टाकलंय. एक ओळ बदलली की सगळं पुन्हा कंपाइल होतं, 4 मिनिटं जातात. जाऊ देत.