साताऱ्यातली सुट्टी आणि कॅननची २४ एमएम पॅनकेक लेन्स: तिन्ही ऋतूंच्या वापरानंतर

सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घराबाहेर पडतो की कपाटातच राहतो, हे बहुतेक वेळा वजनावर ठरतं. कॅननची ईएफ-एस २४ एमएम एफ २.८ एसटीएम ही पॅनकेक, म्हणजे चपटी, लेन्स १२५ ग्रॅमची आहे आणि जाडीला जेमतेम २३ मिलिमीटर. ईओएस २००डी ही बॉडी बॅटरी-कार्डासकट ४५३ ग्रॅम. दोन्ही मिळून सहाशे ग्रॅमच्या आत. पाण्याची बाटली, छत्री आणि कंदी पेढ्यांचा पुडा ज्या पिशवीत मावतो, त्याच पिशवीत हा संचही मावतो. कॅमेऱ्याची वेगळी बॅग लागत नाही आणि सुट्टीला कामाचं रूप येत नाही. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असा वापर झाल्यावर माझं मत असं, की साताऱ्यात एक दिवस निवांत भटकायचं असेल तर हीच एक लेन्स लावावी आणि दुसरी सोबत घेऊच नये. बदलायला दुसरी नसली की पाय आपोआप पुढे-मागे होतात, आणि फ्रेम पायांनीच सुधारते.

२००डीच्या क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, ही लेन्स फुल फ्रेमवरच्या ३८ एमएमइतकी दिसते. आडव्या फ्रेममध्ये साधारण ५० अंश मावतात. मंडईतला एक गाळा त्याच्या मालकासकट, घाटाच्या पाच-सात पायऱ्या, हॉटेलातलं एक टेबल, एवढं यात नीट बसतं. अजिंक्यताऱ्यावरून सज्जनगड जवळ आणायचा असेल तर ही लेन्स उपयोगाची नाही, गड फोटोत नखाएवढा येतो. पण हिवाळ्यात सकाळी जरंडेश्वराच्या बाजूने ऊन येतं, खाली शहरावर धुक्याचा थर असतो आणि पुढे गडावरचं वाळलेलं गवत, तेव्हा तिन्ही एकत्र घेणारी लेन्स हीच. सूर्य फ्रेममध्ये असेल तर एक्स्पोजर आकाशावर धरावं, उणे एकपर्यंत (म्हणजे निम्म्या उजेडापर्यंत) खाली आणावं आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, नंतर सावल्या उचलाव्यात. रॉची एक फाईल २५ ते ३० एमबीची होते, त्यामुळे ३२ जीबीचं कार्ड दिवसाला पुरून उरतं.

या लेन्सचा खरा गुण जवळून फोटो घेण्यात आहे. कमीत कमी फोकस अंतर १६ सेंटीमीटर, पण ते सेन्सरपासून मोजलेलं. बॉडीची आणि लेन्सची जाडी वजा केली तर काचेच्या पुढे नऊ सेंटीमीटरच उरतात. तिथे साधारण ८ बाय ५.५ सेंटीमीटरची वस्तू अख्खी फ्रेम भरते. तीन-चार पेढे, चहाचा ग्लास, आजीच्या चष्म्याची एक काच, खिडकीतल्या कुंडीतलं एक पान, हे सगळं या मापात येतं. घरातली सकाळ टिपायला याहून सोयीची लेन्स या वजनात माझ्या पाहण्यात नाही.

मात्र इतक्या जवळ गेल्यावर एफ २.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना (एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं), शार्प दिसणारा पट्टा दोन मिलिमीटरचाही नसतो. पेढ्याची पुढची कड शार्प आणि मधला भाग विरघळलेला, असा फोटो येण्याचं कारण हेच. त्याच अंतरावर एफ ८ केलं तर पाचेक मिलिमीटर मिळतात. थोडं मागे येऊन २५ सेंटीमीटरवर एफ ४ ठेवलं तर एक सेंटीमीटर मिळतो, आणि खाण्याच्या पदार्थांना बहुधा हेच जमतं. नऊ सेंटीमीटरवर दुसरीही अडचण आहे: कॅमेऱ्याची स्वतःची सावली वस्तूवर पडते. त्यामुळे उजेड आपल्या पाठीमागून घेऊ नये, बाजूच्या खिडकीतून घ्यावा. पलीकडे पांढरा कागद उभा केला की सावलीकडची बाजू उजळते. खोलीतली ट्यूब आधी बंद करावी. खिडकीचा निळसर उजेड आणि ट्यूबचा हिरवट उजेड एकत्र आला की कंदी पेढ्याचा भाजलेला तपकिरी रंग मातकट दिसतो आणि नंतर कितीही सुधारला तरी सुधारत नाही. चहाची किंवा मिसळीची वाफ हवी असेल तर उजेड किंचित वस्तूच्या मागच्या बाजूने, मागे गडद काहीतरी, आणि शटर १/२५० सेकंदाच्या आसपास.

टेबलावरचे फोटो व्ह्यूफाइंडरमधून काढण्यापेक्षा लाइव्ह व्ह्यू सुरू करून स्क्रीनवर बोटाने फोकस द्यावा. २००डीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये नऊच फोकस पॉइंट आहेत आणि त्यातला मधला एकच क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा, त्यामुळे अंधुक कोपऱ्यात बाजूचे पॉइंट चाचपडतात. लाइव्ह व्ह्यूत सेन्सरवरूनच फोकस होतो, तो जास्त अचूक येतो. याची किंमत बॅटरीत मोजावी लागते. व्ह्यूफाइंडरने एका चार्जमध्ये साडेसहाशेच्या आसपास फोटो मिळतात, लाइव्ह व्ह्यूत त्याच्या निम्मेही नाहीत. पूर्ण दिवसासाठी जादा एलपी-ई१७ बॅटरी खिशात हवीच.

कास. साताऱ्याहून साधारण २५ किलोमीटर, यवतेश्वराच्या घाटातून. २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत हे पठारही जागतिक वारसा यादीत गेलं. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा बहर बघायचा तर आधी ऑनलाइन बुकिंग करावं आणि जमेल तर आठवड्याच्या मधली सुट्टी निवडावी. शनिवार-रविवारी गर्दीत गुडघा टेकायलाही जागा मिळत नाही. इथे झूम नाही आणि वाट सोडून फुलांत पाय ठेवायचा नाही, तो ठेवूच नये. म्हणून दूरच्या गालिच्याकडे बघत बसण्यापेक्षा वाटेच्या कडेला फुललेलं शोधावं. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं हे सगळं वाटेच्या काठालाही भरपूर असतं.

उभ्याने खाली बघून काढलेल्या फोटोत फुलांमधली माती आणि कातळ दिसतो, गालिचा विरळ वाटतो. तोच कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला की मागची फुलं पुढच्यांच्या फटी भरतात. २००डीची फिरणारी स्क्रीन इथे कामी येते, चिखलात आडवं पडावं लागत नाही. एफ ११ ला पावणेतीन मीटरवर फोकस धरला तर साधारण दीड मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प येतं. पुढचं फूल हातभर अंतरावर असेल तर तेवढ्यात भागत नाही. एकतर फुलावर फोकस देऊन मागचं पठार मऊ राहू द्यावं, किंवा दोन फोटो काढून नंतर जोडावेत. एफ १६ च्या पुढे जाऊ नये, सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

पठारावर वारा थांबत नाही. सीतेच्या आसवांचं फूल जेमतेम सेंटीमीटरभर, देठ दोऱ्यासारखा बारीक. १/५०० पेक्षा हळू शटर चालत नाही, आणि ढगाळ हवेत त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० ते १६०० करावा लागतो. तो बिनधास्त करावा. दाणे दिसलेले परवडतात, हललेलं फूल कशानेच दुरुस्त होत नाही. फ्रेमच्या रुंदीत एक फूल आठव्या हिश्शाएवढंच येतं, म्हणून एकट्या फुलापेक्षा घोळका घ्यावा. गेंदाची पांढरी डोकी पटकन जळतात, तिथे उणे दोन-तृतीयांश. निळ्या-जांभळ्या फुलांचा रंग जेपेगमध्ये भडक होतो आणि पाकळीवरच्या रेषा नाहीशा होतात. कॅमेऱ्यातली पिक्चर स्टाइल ही रंगांची सेटिंग फेथफुलवर ठेवली की बराच फरक पडतो.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर बाष्प धरतं. पुसत बसू नये, पुसलं की परत धरतं. पठार यायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडाव्यात, एवढाच उपाय. ही लेन्स आणि ही बॉडी, दोन्हींना पाण्यापासून संरक्षण नाही. रिमझिम असेल तर छत्री पुरते, घाटातल्या आडव्या पावसात कॅमेरा पिशवीतच बरा.

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर या लेन्सची परीक्षा घेते. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ च्या दरम्यान बांधलेली ही अष्टकोनी विहीर सुमारे ५० फूट व्यासाची आणि ११० फूट खोल. काठावरून ती एका फ्रेममध्ये मावत नाही. उपाय आहे तो फोटो जोडण्याचा. कॅमेरा उभा धरावा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून पक्का करावा, फोकस एकदा देऊन एमएफवर (हाताच्या फोकसवर) टाकावा, आणि प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर एक-तृतीयांश चढेल अशा पाच फ्रेम घ्याव्यात. साधारण १२० अंश मिळतात. फिरताना आपण स्वतःभोवती फिरलो की लेन्स हातभर सरकते आणि जवळच्या दगडी कडा जोडताना तुटतात. फिरायचं ते लेन्सच्या जागेभोवती, म्हणजे कॅमेरा जागेवर ठेवून आपण त्याच्या मागून सरकायचं. ट्रायपॉड नसला तरी हे जमतं. वर आकाश पांढरं आणि आत पायऱ्या काळोख्या, इतका फरक एका एक्स्पोजरमध्ये बसत नाही, त्यामुळे आकाश शक्यतो फ्रेमबाहेर ठेवावं. कमानींवरची शिल्पं बघायला वेळ काढावा. तिथे ही लेन्स जोडाजोडीशिवाय सुंदर चालते. आतल्या सावलीत एफ २.८, १/६०, आयएसओ १६०० हा माझा नेहमीचा आकडा. लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, १/४० पर्यंत हात स्थिर राहतो, त्याखाली भिंतीचा आधार घ्यावा.

संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, विश्वेश्वराचं मंदिर आहे, सुमारे १७३५ चं, श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. काळा दगड मोजून कॅमेरा फोटो नको तितका उजळ करतो आणि दगड राखाडी येतो. उणे दोन-तृतीयांश ते उणे एक केलं की काळा दगड काळा राहतो. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर ५२ एमएमचा पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावावा. ओल्या पायऱ्यांवरची चमक जाते आणि दगडाचा पोत वर येतो. दीड-दोन स्टॉप उजेड त्यात जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून काम झालं की लगेच काढावा.

मंडईत आणि राजवाड्याच्या चौपाटीवर या लेन्सची लहान चण उपयोगी पडते, लोक बुजत नाहीत. तरी विचारूनच काढावं. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढं म्हटलं की बहुतेकजणी पदर सावरून हसतात, आणि नको म्हणाल्या तर विषय संपला. चेहरा अर्ध्या मीटरवरून घेऊ नये, नाक मोठं दिसतं. दीड मीटरवरून कमरेपर्यंतचा फोटो छान येतो. चालत्या गर्दीसाठी एफ ८ ला चार मीटरवरच्या कशावर तरी फोकस देऊन एमएफवर टाकावं, मग दोन मीटरपासून पुढे सगळं शार्प असतं आणि ऑटोफोकसची वाट बघावी लागत नाही. लेन्सवर अंतराची पट्टी नाही आणि फोकस रिंग मोटरमार्फत चालते, त्यामुळे कॅमेरा बंद करून परत सुरू केला की फोकस एकदा तपासून घ्यावा.

रात्री गाड्यांवरच्या एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात. यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर संध्याकाळी काढून ठेवावा, उघड्या बल्बांची हिरवी भुतं फ्रेमभर उमटतात.

एफ २.८ ला कोपरे काळपट येतात. मेन्यूतली पेरिफेरल इल्युमिनेशन करेक्शन ही कोपरे उजळवणारी सोय सुरू ठेवली की जेपेगमध्ये प्रश्न राहत नाही, आणि एफ ५.६ ला तर लेन्स कडेपर्यंत स्वच्छ आहे. व्हिडिओसाठी फारसं सांगण्यासारखं नाही. शांत जागी फोकस मोटरचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकमध्ये येतो.

साताऱ्याच्या पावसाळ्यात लेन्सचा खरा शत्रू बुरशी. कपाटात, विशेषतः कातडी किंवा कापडी बॅगेत ठेवू नये. रबरी कडा असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, एवढ्यात भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. रंग बदलणारं जेल घ्यावं, रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर सुकवून परत वापरावं. तांदळात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला मिळतो, तो मानू नये. पिठाची धूळ फटींत शिरते. आणि लेन्स डब्यात पडून राहण्यापेक्षा आठवड्याला एकदा उन्हाउजेडात वापरली जाणं केव्हाही चांगलं.

जुनी घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून काचेतून बघावं. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी सोडावी. एफ २.८ ला सपाट विटांच्या भिंतीचा सरळ समोरून फोटो काढावा. एक बाजू शार्प आणि दुसरी मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे. एएफ-एमएफचं बटण दोन्हीकडे फिरवून बघावं, मागचे सोनेरी संपर्कबिंदू स्वच्छ असावेत. ही लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही, आणि आर मालिकेच्या मिररलेसवर अडॅप्टर लागतो. अडॅप्टर लावला की लेन्सचा बारीकपणा गेला, त्यामुळे मिररलेस असणाऱ्यांनी हिच्या वाटेला न गेलेलं बरं.