दोन गिटार, एकच अँप: एसी-३३ की क्यूब स्ट्रीट ईएक्स?

अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक दोन्ही वाजवायच्या आणि अँप (अँप्लिफायर) मात्र एकच उचलायचा असेल, तर रोलंडचे हे दोन नक्की तपासा. दोन्ही ८ पेन्सिल सेलवरही चालतात.

एसी-३३ घडवलाय अकूस्टिकसाठीच. आवाज स्वच्छ, तार न् तार वेगळी ऐकू येते. अँपमधून शिट्टी वाजायला लागली तर ती थांबवायला अँटी-फीडबॅक आहे, वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारा लूपरही आहे. पण त्याला इलेक्ट्रिक जोडून डिस्टॉर्शन पेडल (आवाज मुद्दाम फाडणारं) दाबलं की आवाज चरचरतो. इलेक्ट्रिकच्या अँपचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो आणि ओव्हरड्राइव्हची, म्हणजे अशा फाटक्या आवाजाची, गोडी त्या गाळण्यातच असते. अकूस्टिक अँप ते सगळं ऐकवतो. मग पेडलनंतर इलेक्ट्रिक अँपच्या स्पीकरची नक्कल करणारा कॅबिनेट सिम्युलेटर लावा, म्हणजे आणखी एक डबा, आणखी एक वायर.

क्यूब स्ट्रीट ईएक्सच्या गिटार चॅनेलवर अँपची मॉडेलं, म्हणजे इलेक्ट्रिक अँपच्या आवाजांच्या नकला, तयारच आहेत. अकूस्टिक शेजारच्या माइक-इन्स्ट्रुमेंट चॅनेलला लावली की दोन गाण्यांमध्ये वायरींची काढघाल नाही. शिवाय ५० वॅट आणि ८ इंची दोन स्पीकर. एसी-३३ विजेवरही ३० वॅटच. ईएक्सचं ओझं अर्थात जास्त.

इलेक्ट्रिक फक्त क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, वाजत असेल तर एसी-३३ घ्या, अकूस्टिकचा आवाज मला त्याचाच आवडतो. एका गाण्यात जरी डिस्टॉर्शन असेल, तरी माझं मत ईएक्सला. पूर्ण ताकदीवर तो सेल भराभर संपवतो, त्यामुळे रिचार्जेबल सेलचे दोन संच ठेवाच.