न्यूयॉर्कची ३११ सेवा: शेजारच्या बेकायदा लिस्टिंगची तक्रार होस्टने करावी का?

एका होस्टने, म्हणजे एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळावरून घरातली जागा थोड्या रात्रींसाठी भाड्याने देणाऱ्याने, १४५ डॉलर भरून शहराकडे नोंदणी केलेली असते, दोनच पाहुणे ठेवलेले असतात आणि तो स्वतः त्याच घरात राहत असतो. दोन गल्ल्या सोडून दुसरा कुणी अख्खा फ्लॅट चार-चार रात्रींसाठी देत असतो. न्यूयॉर्कमध्ये अशा बेकायदा लिस्टिंगची (भाड्याच्या जाहिरातीची) तक्रार ३११ या शहराच्या मदत व तक्रार क्रमांकावर करता येते. शहराबाहेरून फोन करायचा तर नंबर २१२-६३९-९६७५. पैसे पडत नाहीत, नाव सांगण्याची सक्ती नाही, दुभाषीही मिळतो. आमच्या मते ही सेवा वापरावी, आणि स्पर्धकाने वापरण्यात गैर काही नाही. फक्त ती नीट वापरली नाही तर तक्रार वाया जाते.

आधी नियम. थोड्या दिवसांच्या भाड्यासाठी नोंदणी सक्तीची करणाऱ्या शहराच्या 'स्थानिक कायदा १८'ची अंमलबजावणी ५ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झाली. ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी होस्ट त्याच घरात कायमचा राहणारा हवा, पाहुणे असताना तिथे हजर हवा आणि पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत. भाडे नियंत्रणाखालच्या घरांना आणि सरकारी गृहनिर्माणातल्या घरांना नोंदणी मिळतच नाही. किमान ३० रात्रींची लिस्टिंग या कायद्यात बसत नाही. पुष्कळ तक्रारी इथेच फुकट जातात: तक्रारदार अख्ख्या फ्लॅटचा फोटो बघून चिडतो, पण 'किमान ३० रात्री' ही ओळ वाचत नाही. हॉटेल म्हणून मंजूर असलेल्या इमारतींनाही नोंदणी लागत नाही, तेव्हा तीही खातरजमा करा.

दुसरी अडचण पत्त्याची. बुकिंग होईपर्यंत एअरबीएनबी अचूक पत्ता दाखवत नाही, नकाशावर फक्त अंदाजे जागा दिसते. तक्रारीला मात्र इमारतीचा क्रमांक, रस्ता, बरो (शहराचा विभाग) आणि फ्लॅटचा क्रमांक लागतो. 'अमुक चौकाजवळचा निळ्या दाराचा फ्लॅट' एवढ्यावर निरीक्षक जाणार कुठे? खिडकीतून दिसणारं दृश्य, जिन्याचा कठडा, दारावरचा आकडा हे लिस्टिंगच्या फोटोंशी ताडून पाहा. पत्ता काढण्यासाठी खोटं बुकिंग करू नका. जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा: कॅलेंडर, पाहुण्यांची संख्या, नोंदणी क्रमांकाची जागा. मोठ्या प्लॅटफॉर्मना आता क्रमांक पडताळावा लागतो. त्यामुळे चोरवाट बहुतेक समाजमाध्यमांवरच्या आणि थेट व्यवहाराच्या जाहिरातींतून जाते, आणि त्या जाहिराती दोन दिवसांत गायब होतात.

तिसरी गोष्ट वेळेची. तक्रार शहराच्या विशेष अंमलबजावणी कार्यालयाकडे जाते. निरीक्षकाला घरात जबरदस्तीने शिरता येत नाही. दार उघडलं नाही किंवा आत पाहुणेच नसले, तर त्या खेपेत हाती काही लागत नाही आणि तक्रार बंद झालेली दिसते. म्हणून पाहुणे कोणत्या दिवशी येतात, सामान घेऊन किती जण उतरतात हे लिहा आणि मुक्काम चालू असतानाच तक्रार करा. मिळालेला सेवा क्रमांक जपून ठेवा. त्यावरून स्थिती बघता येते आणि प्रकार पुन्हा दिसला तर नवी तक्रार करता येते.

एका बाबतीत मात्र आढेवेढे घेऊ नयेत, ती म्हणजे तळघरातली खोली. ज्याची निम्म्याहून जास्त उंची रस्त्याच्या पातळीखाली आहे अशा तळघरात, एक-दोन कुटुंबांच्या घरात, सहसा माणसं भाड्याने ठेवता येत नाहीत. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री, आयडा वादळाच्या पावसात, शहरातल्या तळघरांमध्ये ११ जणांचा बुडून मृत्यू झाला. तीन रात्रींच्या पाहुण्याला तर दुसरी वाट कुठे आहे हेही माहीत नसतं. अशी लिस्टिंग दिसली तर त्याच दिवशी कळवा.

याउलट, कुणी आजी आपल्याच घरात राहून एक खोली देते आणि नोंदणी राहून गेली आहे, तिथे आधी जाऊन बोला. प्रति उल्लंघन दंड ५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो, आणि भाडेकरू असेल तर घरमालकाशी वाकडं येऊन राहतं घरही जाऊ शकतं. होस्ट कुठल्या देशाचा, कुठल्या जातीचा, हे तर तक्रारीत डोकावताही कामा नये.

आणि फोन उचलण्याआधी स्वतःचं घर बघा. पाहुण्याच्या खोलीला किल्लीने बंद होणारं कुलूप असेल तर ते काढा. पाहुण्याला घरात सगळीकडे जाता आलं पाहिजे, असा नियम आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र आणि बाहेर पडण्याच्या वाटांचा आराखडा भिंतीवर लावलेला हवा. एकाच इमारतीत निरीक्षक आला की त्याला तुमचंही दार दिसतं.

३११ सेवेला आमचे गुण पाचपैकी साडेतीन. तक्रार नोंदवणं सोपं म्हणून पूर्ण गुण. पुढे काय झालं ते तक्रारदाराला तपशिलात कळत नाही, तिथे दीड गुण गेला. हडसन नदीपलीकडे, शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत राहणाऱ्यांनी हा नंबर लावू नये. तिथला कायदा वेगळा आहे, तो नोव्हेंबर २०१९ मध्ये मतदानाने मंजूर झाला, आणि तक्रारही तिथल्याच नगरपालिकेकडे करायची.